साळिंदरबाईंची गाडी

जनावरंही गाड्या चालवत, तेव्हाची ही गोष्ट. रानातल्या सुईणीची, साळिंदरबाईंची गाडी घाटात बंद पडली आणि हरिणीला एकटीलाच बाळंत व्हावं लागलं. म्हणून बाई दुसरी गाडी घ्यायला कोल्ह्याच्या दुकानात गेल्या.

कोल्ह्यानं चकचकीत युरोपियन गाडी दाखवली. "बाई, हिचा नकाशा बोलतो! वळण यायच्या आधीच सांगतो."

"आणि घाटात बंद पडली तर?"

"कुठे बंद पडली, तेही अचूक दाखवतो!"

बाईंचे काटे ताठ उभे राहिले. "रस्ता मला पाठ आहे. मला पोचायचंय. ती कोपऱ्यातली, अस्वलानं तुला विकलेली जुनी युरोपियन गाडी दे. इतकी वर्षं घाट चढली, एकदाही अडली नाही."

"तिला नकाशा नाही. लोक हसतील!"

"हसू देत. कळा सुरू झाल्या की मलाच बोलावतील," म्हणत बाईंनी किल्ली उचलली.