सूर्याखालचं शून्य

"पण यात माझी चूक कुठे आहे, बाबा? तेवढं एकदा सांगा."

शार्दूल दारातच उभा राहून विचारत होता. चपलाही काढल्या नव्हत्या.

परंड्याबाहेर, माळाच्या कडेला नसीरशाह फकिरांचा तकिया आहे. दोन खोल्या, एक ओटा, एक कडुनिंब. नसीरशाह बाबा ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होते. सकाळची खिचडी अजून चुलीवर चढायची होती. त्यांनी वर पाहिलं नाही. एक खडा काढला आणि बाजूला ठेवला.

"चपला काढ," ते म्हणाले. "मग रागाव."

शार्दूलने चपला काढल्या. राग काही पायात नव्हता, तो तसाच राहिला.

तो पुण्यातल्या एका कंपनीत मोबाइलचे ॲप बनवायचा. सवड मिळाली की गाडी काढून बाबांजवळ येऊन बसायची त्याची जुनी सवय. ऑफिसात 'माझे गुरू' असं तो जरा मोठ्यानेच म्हणायचा. कोणती गोळी कधी घ्यायची हे रुग्णाला सांगणारं एक ॲप त्याच्या कंपनीने दवाखान्यांसाठी केलं होतं. त्याची उर्दू आवृत्ती शार्दूलच्या हाताखाली तयार झाली. तयार झाल्यावर पहिल्यांदा त्याने ती कुणाच्या फोनवर घालून दिली असेल, तर हलीमाखालाच्या. हलीमाखाला म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून तकियातच राहणारी.

मग एका पहाटे खाला अंथरुणात घामाने भिजलेली सापडली. हाक मारली तर ओ नाही. शुगर उतरली होती. सकाळी जेवणाआधी घ्यायची गोळी तिने रात्री घेतली होती आणि तशीच उपाशी झोपली होती.

दवाखान्याने नव्या रुग्णांना ॲप देणं थांबवलं. चूक रुग्णाची होती असं दिसलं तर पुन्हा सुरू करू, म्हणाले. बाकीचे दवाखाने या दवाखान्याच्या तोंडाकडे बघत होते. साहेबांनी शार्दूलला बोलावून सांगितलं होतं, "तुझं त्या घरी जाणं-येणं आहे. बाईंनी एवढंच बोलायचं, माझ्याकडून चूक झाली. व्हिडिओ घेऊन ये. नाही आणलास तर हे प्रकरण तुझ्या नावावर."

"आम्ही काय कमी केलं?" शार्दूल ओट्यावर टेकला. "पान उलटवलं. बाण उलटवले. चित्रं उलटवली. आरशात धरल्यासारखी एकूण एक गोष्ट उजवीकडून सुरू केली. उर्दूसाठी एवढं करतं कोण, बाबा? बाकीचे तर विचारतसुद्धा नाहीत."

"मेहरबानी," बाबा म्हणाले.

शार्दूलला ते लागलं.

"मी उपकार म्हणून नाही सांगत."

"मग कसं सांगतोस?"

आतून हलीमाखाला चहा घेऊन आली. भिंतीला धरत. आजारपणानंतर तिची चाल अजून सावरली नव्हती.

"घे बेटा. बिनसाखरेचा आहे हां. घरातली साखर तुझ्या फोनला भिऊन पळाली."

ती स्वतःच हसली. बाबा हसले नाहीत.

"खाला, तुम्ही कशा आहात?" शार्दूलने विचारलं. हे आधी विचारायला हवं होतं, हे त्याला विचारताना कळलं.

"जिवंत आहे. तुझ्यावर रागावलेली नाही. हा माझा भाऊ आहे ना, तो दोघांच्या वाटचं रागावून घेतो."

शार्दूलने बाबांकडे पाहिलं. बाबांची बोटं तांदळात फिरत होती, पण खडे निघत नव्हते.

"ते उलटवलेलं कुणी बघितलं?" बाबांनी विचारलं.

"बघितलं ना. सगळ्या टीमने."

"उर्दू वाचणारं कोण होतं त्यात?"

"वाचणारं... तसं कुणी नव्हतं. पण आरसा धरल्यासारखं हुबेहूब दिसत होतं. आणि खरं सांगू का, खालांचं वय झालंय. डोळे अधू झालेत. वाचताना गोंधळ झाला असेल."

हलीमाखालाने पदर सावरला.

"बेटा, तुझ्या बाबांना रोज पेपर कोण वाचून दाखवतं?"

शार्दूल चहा प्यायला. चहा खरंच फार फिका होता.

"चूक तिचीच आहे," बाबा म्हणाले.

शार्दूलने मान वर केली. छातीवरून धोंडा उतरावा तसं त्याला झालं.

"अडाणी असती तर हे झालं नसतं," बाबा म्हणाले. "तिनं नीट वाचलं."

शार्दूलला पहिलं वाक्य हवं होतं, दुसरं त्याने ऐकलं आणि सोडून दिलं. त्याने खिशातून आपला फोन काढला, ओट्यावरच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि त्याचं तोंड खालाकडे वळवलं. व्हिडिओ सुरू केला.

"खाला, फक्त एक वाक्य. मग मी तुम्हाला त्रास देणार नाही."

"बोलेल ती," बाबा म्हणाले. "पण सकाळ झालीय. अजून तिची गोळी व्हायची आहे. ती आधी होऊ दे. तूच दे."

"मी?"

"तुझंच यंत्र आहे. तिच्या फोनवर बघ आणि दे."

खालाने कनवटीचा फोन काढून त्याच्या हातात दिला. कोनाड्यातली गोळ्यांची दोन पाकिटं आणली. एकात पांढऱ्या गोळ्या, शुगरच्या. दुसऱ्यात पिवळ्या, झोपताना घ्यायच्या. मग ती त्याच्यासमोर बसली आणि उजवा हात पसरला.

शार्दूलने ॲप उघडलं. त्याचंच काम. सुरेख अक्षरं, उजवीकडून निघालेली. वर तीन चित्रं. उजवीकडे उगवता सूर्य, मधे माथ्यावरचा, डावीकडे चंद्र. खाली पांढऱ्या गोळीची ओळ.

त्याने ओळ पाहिली. मग अंगठ्याने काच पुसली. काचेवर डाग नव्हता.

चंद्राखाली एक. सूर्याखाली शून्य.

डॉक्टरांनी लिहिलं होतं एक-शून्य-शून्य. सगळे डॉक्टर लिहितात तसंच. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. चित्रं त्याने उलटवली होती. आकडे मात्र हलवले नव्हते, कारण आकडे उर्दूतही डावीकडूनच लिहितात. हे त्याने मुद्दाम वाचून काढलं होतं. मीटिंगमध्ये सांगून शाबासकीही घेतली होती. हेही बरोबर होतं, तेही बरोबर होतं, आणि दोन्ही बरोबरांच्या मधून सकाळची गोळी सरकत जाऊन चंद्राखाली बसली होती.

खालची पिवळी ओळ त्याने पाहिलीच नाही. झोपतानाची गोळी तिथे सूर्याखाली आली असणार, हे त्याला कळलं होतं.

त्याने पांढरं पाकीट उचललं.

"फोनवर काय आहे?" बाबांनी विचारलं.

"बाबा, सकाळी पांढरीच असते. मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे. फोनवर काय आहे?"

"... पिवळी."

"मग पिवळी दे."

खालाचा हात तसाच पसरलेला होता. ती पाकिटांकडे बघतही नव्हती. चुलीकडे बघत होती, जाळ विझतोय की काय म्हणून.

"दे ना बेटा," ती म्हणाली. "तू केलेलं आहे, मी कशाला बघू?"

शार्दूलचा हात पुढे जाईना.

कडुनिंबावर कावळा ओरडत होता. बाबांनी सूप खाली ठेवलं.

"नाही देता येत," शार्दूल म्हणाला.

"का? सगळं उलटवलंस ना?"

शार्दूलने पिवळं पाकीट बाजूला सरकवलं.

"त्या पहाटे मी हिच्या तोंडात साखर घालत होतो, तर दातखीळ बसलेली," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण दारातली शेळी उठून उभी राहिली. "गाडी येईपर्यंत मी हिच्या हिरड्यांवर साखर चोळत होतो. आणि तू आलास ते विचारत आलास, माझी चूक कुठे आहे."

शार्दूलने पांढरी गोळी सोडवली आणि खालाच्या तळव्यावर ठेवली. तिने ती पाण्याबरोबर घेतली आणि तोंड पुसलं.

मग शार्दूलच बोलला. खाली बघत.

"दुरुस्त करतो, बाबा. पुण्याला पोचलो की आजच करतो. आतल्या आत होईल, कुणाला कळणारही नाही. पण हे असं उघडं पडलं ना, तर माझी नोकरी जाईल. नुसती जाणार नाही, नाव खराब होऊन जाईल. खालांनी तेवढं एक वाक्य म्हटलं तर... कुणाचं काय बिघडणार आहे? पुढे तर सगळं नीटच होणार आहे."

"अरे, बोलते की," हलीमाखाला म्हणाली. "माझ्या बोलण्यानं पोराची भाकर टिकत असेल तर माझं काय जातं? चूक माझीच आहे, बेटा. लिहिलेलं खरं मानलं."

तिने पदर डोक्यावर नीट घेतला. शार्दूलच्या फोनसमोर सरळ होऊन बसली, जशी लग्नाच्या फोटोला बसतात. घसा खाकरला.

"उर्दूत बोलू का मराठीत?" तिने विचारलं.

बाबा उठले. गुडघ्यांवर हात देत, सावकाश. तांब्यापाशी गेले. फोनवरचा लाल ठिपका अजून लुकलुकत होता. त्यांनी फोन हातात घेतला, एकवार न्याहाळला, त्याचं तोंड फिरवलं आणि तांब्याला टेकवून पुन्हा ठेवला. आता त्याच्यासमोर शार्दूल होता.

"उलटवलाय," बाबा म्हणाले. "बोल."