रिकाम्या हातांची गोष्ट

नदीकाठच्या एका जंगलात लाल तोंडाची एक तरुण माकडीण आपल्या आईबरोबर राहत होती. जन्म तिचा इथलाच. आई मात्र पलीकडच्या काठावरून आलेली. पलीकडचे रान वणव्यात जळाले, तेव्हा जी थोडी माकडे नदी ओलांडून आली, त्यांत ती होती. "आम्ही रिकाम्या हातांनी आलो गं," असे आई नेहमी सांगे, आणि ते ऐकतच लेक मोठी झाली. पोर चलाख निघाली. कोणते झाड कधी फळ धरील हे तिला सगळ्यांच्या आधी कळे. त्यामुळे हत्ती तिच्यावर खूश असत, आणि हत्ती तर या जंगलाचे धनी. नदीकाठची सगळी उंबरे त्यांच्या मालकीची होती.

ती त्यांच्या मालकीची कशी झाली, असे मुलांनो, तुम्ही विचाराल. जंगलात कुणी विचारत नसे. पूर्वी त्या झाडांवर काळ्या तोंडाची वानरे राहत. हत्तींनी त्यांना हुसकून वरच्या खडकाळ टेकडीवर धाडले, आणि तिथे खुरटी पाने चघळत त्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. मग हत्तीच म्हणू लागले, की वानरे आळशी आहेत, म्हणून हाडकुळी आहेत. पोट भरलेल्याला दुसऱ्याच्या भुकेचे कारण फार लवकर सापडते.

एके वर्षी पावसाने दगा दिला. टेकडीवर पानसुद्धा उरले नाही, तेव्हा वानरे पिल्लांना पोटाशी धरून खाली आली आणि निदान पडलेली उंबरे तरी वेचू द्या म्हणून विनवू लागली. हत्तींच्या म्होरक्याने दुसऱ्या दिवशी वडाखाली सभा बोलावली. वानरांना नदीकाठ कायमचा बंद करायचा, असे त्याच्या मनात होते. त्याने तरुण माकडिणीला बाजूला घेतले. "उद्या फक्त तुझ्या आईची गोष्ट सांग," तो म्हणाला. "मग पाण्यावर झुकलेली ती फांदी तुम्हा मायलेकींची."

त्या फांदीवर बिबट्याला येता येत नसे. एवढी सुखाची जागा आख्ख्या जंगलात दुसरी नव्हती. लेकीने नाचत येऊन आईला हे सांगितले, पण आई मूग गिळून बसून राहिली. म्हातारीला मोठ्यांसमोर जायची भीती वाटत असेल, असे लेकीला वाटले.

सभा भर दुपारी भरली. म्होरक्याचे म्हणणे ज्याला पटेल त्याने वडाच्या सावलीत बसायचे, ज्याला पटणार नाही त्याने बाहेर उन्हात उभे राहायचे, आणि जिकडे गर्दी जास्त तिकडचे खरे, अशी तिथली पद्धत. ती कुणी घातली असेल हे सांगायला नकोच.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्होरक्या म्हणाला. "ही पोर बघा. हिची आई काय घेऊन आली होती?"

"काहीच नाही," माकडीण ताठ मानेने म्हणाली. "रिकाम्या हातांनी आली. कष्ट केले, कुणापुढे हात पसरला नाही. आज आमचं बरं चाललं आहे. मनात आणलं तर कुणालाही जमेल."

सशांनी माना डोलावल्या. हरणे सरकून सरकून सावलीत दाटीने बसली. उन्हात फक्त वानरे उरली. त्यांतली एक म्हातारी वानरी दोन पावले पुढे आली.

"ती आली त्या दिवशी मी वर खडकावर बसले होते, पोरी," ती म्हणाली. "हात रिकामे होते, खरं आहे. गाल कसे होते, तेवढं विचार तिला."

मुलांनो, माकडांच्या गालांत खाऊ साठवायच्या पिशव्या असतात. वानरांना त्या नसतात. माकडिणीने वळून आईकडे पाहिले. आई जमिनीकडे बघत होती.

"आई?"

"भलतेच प्रश्न नकोत!" म्होरक्या गरजला. "ज्याला जे पटेल ते करा आणि सभा संपवा!"

आई उठली. हळूहळू चालत ती सावलीबाहेर गेली आणि उन्हात उभी राहिली.

"नदीतून वर आलो तर काठावर हत्ती आडवे उभे होते," ती म्हणाली. "सोंडेनं एकेकाचे गाल दाबून बघत होते. खायला घालावं लागेल असं कुणी नको, म्हणाले. माझे गाल चारोळ्यांनी भरलेले होते, म्हणून मला आत घेतलं. त्या चारोळ्यांवर मी सुरुवातीचे दिवस काढले आणि तेवढ्यात इथली झाडं ओळखून घेतली. माझ्या मागे माझी बहीण होती. तिनं आपल्या चारोळ्या वाटेत एका लेकुरवाळीला देऊन टाकल्या होत्या. ती माझ्यापेक्षा चपळ होती गं, माझ्यापेक्षा कष्टाळू होती. तिला मागे लोटलं. मागे सगळा जाळ होता." तिने लेकीकडे पाहिले. "कष्ट मी केले, नाही कोण म्हणतं? पण कष्ट करायला मी या काठावर होते."

मग म्होरक्याने आवाज मऊ केला. "पोरी, तुझी आई थकली आहे. तू शहाणी आहेस. तू काही या काळतोंड्यांसारखी नाहीस. ये, बस इथे माझ्याजवळ."

सावली गार होती. तिथून पाण्यावरची फांदी स्पष्ट दिसत होती, आणि माकडिणीला ती फांदी हवी होती, फार हवी होती. तिला आईचा रागही आला. इतकी वर्षे लपवले ते लपवले, आणि आज सगळ्यांदेखत सांगितले! मग तिची नजर एका वानरीच्या कडेवरच्या पिल्लाकडे गेली. ते रडायचेही थांबले होते.

ती उठली आणि उन्हात गेली. तापलेल्या मातीने तळपाय पोळले.

"मी अर्धीच गोष्ट सांगितली," ती ओरडून म्हणाली. "माझं नाव पुढे करून यांना हाकलू नका!"

मग एक साळिंदर कुरकुरत बाहेर आले. त्याच्यामागून काही ससे आले. माकडांपैकी निम्मी आली, निम्मी मान खाली घालून बसून राहिली. हरणे सगळ्यांत शेवटी आली, पण आली. सावलीपेक्षा उन्हात गर्दी जास्त झाली आणि नदीकाठ बंद करता आला नाही.

म्होरक्या जायला निघाला. जाता जाता तो म्हणाला, "पडलेली उंबरं वेचा हवी तर. पण आजपासून काळतोंडे असोत की लालतोंडे, माझ्या झाडांवर कुणी चढायचं नाही. झोपायला वर खडकांवर जा."

लालतोंडे! उन्हात आलेली आणि सावलीत बसून राहिलेली, सगळी माकडे त्याने एका शब्दात मोजली होती. माकडिणीचे कान तापले, डोळे भरून आले.

म्हातारी वानरी सरकली आणि तिने माकडिणीला शेजारी जागा करून दिली.

"असं नाव पहिल्या दिवशी फार लागतं, बाई," ती म्हणाली.

तात्पर्य : आपल्याला आत घेताना दार कुणाच्या तोंडावर लावले गेले, हे विसरू नये, आणि आपल्या यशाची काठी करून ती दुसऱ्याच्या पाठीत घालायला कुणाच्या हाती देऊ नये.