ओली पळी

मिशनच्या एका बोर्डिंगात चाळीस मुली राहत. सालोमीबाई त्यांच्या मेट्रन, भारी कडक. त्यांचा एक शिरस्ता होता. शनिवारी संध्याकाळी प्रार्थनेआधी त्या विचारत, “कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का?” जिच्या मनात असेल तिनं उभं राहून सांगायचं. ते मिटल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नसे.

एकदा त्यांच्यातल्या प्रेमलानं चोरून लोणचं खाल्लं आणि घाईघाईत ओलीच पळी बरणीत बुडवली. झालं! चार दिवसांत बरणीभर बुरशी. चाळीसजणींचं वर्षाचं लोणचं उकिरड्यावर गेलं. बाई कडाडल्या, “जिनं हे केलं, ती इथं राहणार नाही!” प्रेमलाची पाचावर धारण बसली. ती बोलून गेली, “मी पाहिलं बाई, सुवार्तेनं केलं.”

सुवार्ता बारा वर्षांची, भाविक, आईबापाविना पोर. बोर्डिंग सुटलं की तिची शाळाच सुटणार. आणि तिनं तर प्रेमलाला ओली पळी घेऊन पळताना पाहिलं होतं!

“मी नाही केलं, बाई,” ती म्हणाली.

“मग कुणी केलं?”

पोरगी गप्प. मला तर तिचा रागच येतो. अगं, बोल की! पण नाही. बाईंनी तिला नाव सांगायला शनिवारपर्यंत मुदत दिली.

शनिवार आला. सगळ्या मुली खाली बसल्या. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि सुवार्ता उठून उभी राहिली. आता ही आपलं नाव घेणार, हे प्रेमलानं ओळखलं.

“माझ्या मनात होतं, बाई,” सुवार्ता म्हणाली. “फार राग होता. रोज प्रार्थना केली. आता नाही.”

“कुणाबद्दल होता? नाव सांग, म्हणजे सुटशील.”

“तिचं तिनं सांगावं, बाई. मी तिला माफ केलंय.”

“मग जा, सामान बांध.”

सुवार्ता दाराकडे निघाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं मागं वळून पाहिलं नाही. ती उंबऱ्यापाशी पोचली, तोच कुणीतरी धडपडत उभं राहिलं. ती प्रेमला होती.

“बाई, माझ्या मनात आहे!”

“कुणाबद्दल?”

“माझ्याबद्दलच,” प्रेमला हुंदके देत म्हणाली. “ओली पळी माझी होती. मी खोटं बोलले.”

बाई स्वतः दारापर्यंत गेल्या आणि सुवार्तेपुढे हात जोडून म्हणाल्या, “बाळ, आधी मला माफ कर. मग प्रार्थना.”

तात्पर्य: न मागता क्षमा मिळाली, की खोटं बोललेल्यालाही खरं बोलायचं बळ येतं.