मागे बघणारी होडी

एक होता धाकू आणि एक होता त्याचा दादा, हिराजी. होता, बरं का. एका सकाळी दादाची होडी एकटीच किनाऱ्याला लागली. दादा आलाच नाही.

मग होडी पडून राहिली. रंगाचे पापुद्रे सुटले. शेवटी आई म्हणाली, "धाकू, होडी रंगव रे बाबा. चूल किती दिवस थांबेल?"

शेजारचे जोमाआजोबा ओट्यावरून ओरडले, "पोरा, होडीचे दोन्ही डोळे एकदम खरवडू नकोस हं! एक खरवड, तो रंगव, मगच दुसरा. आंधळी होडी कुणीही हाक मारली तरी जाते."

धाकूनं होडी खरवडली. फटींत कापूस आणि राळ भरली. तेल पाजलं. हिरवा रंग दिला. मग तो पुढच्या टोकाशी आला. तिथे दोन डोळे होते, दादानं रंगवलेले. टकमक बघत होते.

"एवढे डोळे असून माझा दादा बुडताना दिसला नाही तुला?"

धाकूचं डोकं फिरलं. त्यानं पत्र्याचा तुकडा घेतला आणि खर्रर्र, खर्रर्र, दोन्ही डोळे खरवडून टाकले.

झालं! वारा पडला. कावळे गप्प झाले. आणि पाण्यातून हाक आली, "धाकूऽऽ!" आवाज अगदी दादाचा.

होडीचा दोर तटकन तुटला.

मग दुसरी हाक. होडी वाळूवरून सरसर निघाली. धाकूनं मागचं टोक धरलं, पाय रोवले. पण होडी त्याला फरफटत घेऊन चालली.

मग तिसरी हाक, अगदी जवळून. "धाकू, बस होडीत. ये माझ्याकडे." पाणी गुडघ्याला लागलं. गार गार पाणी. आणि खरं सांगू? धाकूनं एक पाय होडीत टाकलासुद्धा.

मग तो थबकला. दादा त्याला कधी 'ये' म्हणालाच नव्हता. धाकू मागे लागला की दादा खेकसायचा, "घरी जा, शेंबड्या!"

मग हा कोण?

धाकूनं होडीतला पाय मागे घेतला. रंगाचे डबे होडीतच होते. त्यानं कुंचला उचलला, तर तो पाण्यात पडला. पुढचं टोक तर लाटांत गेलेलं. मग त्यानं बोटं रंगात बुडवली आणि हातातल्या मागच्या टोकावरच डोळे रंगवले. एक मोठा, एक बारका, दोन्ही वाकडे.

होडीनं डोळे उघडले. समोर काय? दर्या नाही. समोर माड, घर, आणि दारात हाका मारणारी आई.

होडी थरथरली. थांबली. आणि मागल्या मागे वर आली, थेट अंगणापर्यंत.

दादा काही परत आला नाही. पण तो आवाजही पुन्हा आला नाही. धाकूनं पुढच्या टोकावर नवे डोळे रंगवले, एकेक करून. मागचे वाकडे मात्र तसेच ठेवले. होडी पुढच्या डोळ्यांनी दर्यात जायची, मागच्या डोळ्यांनी घर बघत राहायची. रोज संध्याकाळी धाकू घरी यायचा आणि मायलेकरं पोटभर जेवायची.

मिटा आता डोळे, शेंबड्यांनो. होडीचे उघडे आहेत.