विसाव्या नंबरची सारजाई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका, कारण खैरदऱ्यात तेव्हा घड्याळ एकच होतं आणि तेही गुरुजींच्या खिशात. पन्नास उंबऱ्यांचं गाव, आणि देवळाशेजारी एका खोलीची शाळा. त्या एका खोलीत चार यत्ता, चार कोपऱ्यांत. गुरुजी एकच. चौथी झाली की पाचवी-सहावी-सातवीला घाट चढून पलीकडच्या मोठ्या गावात जायचं, आणि पुढं मॅट्रिक व्हायचं असलं तर थेट तालुक्याला. पहिली पायरी दारात होती म्हणून पोरं चढत होती.

त्या शाळेची जमीन सारवायची सारजाई. साठी उलटलेली, एकटी, तोंडानं अशी फटकळ की पाटीलसुद्धा तिला वाट देऊन पुढं जायचे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की शेणाची पाटी घेऊन यायची आणि जमीन आरशासारखी करून जायची. तिच्या लहानपणी गावात शाळा नव्हती. शिकायचं म्हणून ती हट्टाला पेटली होती, तर बाप म्हणाला, "पोरीच्या जातीनं घाट चढायचा न्हाई." विषय संपला. पण तिच्या मनातून तो काही गेला नाही.

म्हणून जून लागला की सारजाई घरोघर हिंडायची. जन्माचा दाखला तेव्हा कुणाकडं असणार? पोराला उभं करायची आणि सांगायची, "उजवा हात डोक्यावरनं घे आन् डावा कान धर." हात कानाला पोचला की पोर सहा वर्षांचं झालं. नाही पोचला तर अजून वर्षभर हुंदड! गुरुजी मग जन्मतारीख लिहायचे, सगळ्यांची एकच, एक जून. अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलेलं, काय सांगावं!

एके वर्षी वरून हुकूम आला की ज्या शाळेचा पट विसाच्या खाली, ती शाळा बंद. पोरांनी घाटापलीकडच्या शाळेत जावं. खैरदऱ्याचा पट होता एकोणीस. फक्त एक कमी! मुलगे गेले असते हो घाट चढून. पण मुली? सारजाईच्या भावाची नात धुरपी तिसरीत होती. एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणायची पोरगी. तिचा बाप आत्ताच म्हणू लागला होता, "शाळा बंद झाली तर तू घरीच." तेच शब्द, तोच घाट.

तपासणीला शाळाखात्याचे दिपोटी साहेब येणार होते. आता गावानं काय शक्कल लढवावी? पाटलांनी आपल्या सासुरवाडीहून, म्हणजे माळेवाडीहून, एक पोरगं उसनं आणलं. घडघड वाचणारं, तेल लावून चप्प भांग पाडलेलं. त्याला पहिल्या रांगेत बसवलं. साहेब आले, बसले, त्यांनी पोराकडं निरखून पाहिलं.

"काय रे, परवा मी माळेवाडीची शाळा तपासली, तेव्हा कविता तूच म्हटली होतीस ना?"

पोरगं आनंदानं उठून उभं राहिलं. "हो साहेब! परत म्हणू?"

पाटलांनी कपाळाला हात लावला. गुरुजी तर पांढरेफटक पडले, त्या बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. साहेब संतापले, त्यांनी शेऱ्याची वही ओढली आणि टाक शाईत बुडवला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "थांबा साहेब." सारजाई उभी होती, कोपरापर्यंत शेणानं भरलेली. "शाळंत नाव घालायचा नियम काय हाय? हात कानाला पोचला पायजे, हाय का न्हाई?"

"हो, मग?"

सारजाईनं उजवा हात डोक्यावरून घेतला आणि डावा कान धरला. केसांना शेण, कानाला शेण. "पोचला. लिवा माझं नाव."

असं म्हणतात की तिचा हात कानावर थांबलाच नाही, लांबत खांद्यापर्यंत खाली आला. आता ते खरं की खोटं, डोंगराला ठाऊक. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी नियम काढून वाचला. लहान किती असावं ते लिहिलेलं होतं, मोठं किती ते कुठंच नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण नाव घातलं म्हणून भागणार नाही. रोज यायचं आणि वर्षअखेरीला पहिलीची परीक्षा द्यायची. नापास झालात तर नाव कमी, शाळा बंद."

गुरुजींनी विसाव्या नंबरला लिहिलं, सारजाई, जन्मतारीख एक जून.

मग काय विचारता! साठीची बाई पहिलीच्या कोपऱ्यात मांडी घालून बसली. पोरं खुदखुदली, की ही म्हणायची, "हसा मेल्यांनो, पास झाले की लाडू मीच देणार." पाटीवर तिला जमेना, पेन्सिल बोटांत मोडायची. पण शनिवारी सारवताना तिचं बोट ओल्या शेणात आपसूक वळायचं. अ, आ, ग, म. असं म्हणतात की वरून कितीही हात फिरवला तरी वाळल्यावर ती अक्षरं जमिनीतून वर यायची, आणि थोरल्या भावंडांबरोबर आलेली रांगती पोरं त्यांवरून बोट फिरवत शिकायची.

वर्ष सरलं. साहेब आले. त्यांनी पहिलीचं पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. सारजाईनं पुस्तक जवळ नेलं, लांब नेलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कागदावर नुसतं धुकं. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. धुरपी तिसरीच्या कोपऱ्यातून उठून उभी राहिली, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"वाचता येत नाही?" साहेबांनी विचारलं.

"दिसत न्हाई," सारजाई म्हणाली. "येत न्हाई असं न्हाई. जरा सरका, साहेब."

ती बाहेर गेली आणि शेणाची पाटी घेऊन आली. साहेबांच्या पायांपुढची जमीन सारवली, गुडघ्यांवर बसली आणि बोटानं लिहू लागली. हातभर अक्षरं. आधी धुरपीचं नाव. मग दुसरं, तिसरं. शाळेच्या पटावरची सगळी नावं, हजेरीत रोज ऐकून पाठ झालेली. एकोणीस झाली तेव्हा तिला धाप लागली होती. विसाव्या ठिकाणी तिनं लिहिलं, सारजा. आपलं नाव तिनं जन्मात पहिल्यांदा कुणापुढं लिहिलं होतं.

साहेबांनी पायांतले बूट काढले. अक्षरांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत एकेक नाव मोठ्यानं वाचलं. एकेक पोर "हजर" म्हणत गेलं. विसावं नाव त्यांनी वाचलं, "सारजाई." सारजाई अजून धापाच टाकत होती. तेव्हा अख्खी शाळाच ओरडली, "हजर!"

शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं, पट वीस, सर्व उत्तीर्ण.

शाळा राहिली. सारजाई पुढं चौथीपर्यंत शिकली आणि चौथी पास झाल्यावर वर्षाच्या आत गेली. धुरपी सातवी झाली, मॅट्रिक झाली आणि बाई होऊन याच शाळेत आली. गावातली घाट चढलेली ती पहिली मुलगी. तिला घाटापर्यंत पोचवायला तिचा बापच जायचा, हेही आवर्जून सांगतात.

आता शाळेला फरशी आहे, संगणक आहे, दाखल्यावर खरी जन्मतारीख असते. तरी जूनमध्ये शाळा उघडली की उंबऱ्याबाहेर हातभर जागा सारवतात. नवं पोर तिथं बोटानं आपलं नाव काढतं आणि डोक्यावरून हात घेऊन कान धरतं. त्याच्या शेजारी गावातली एखादी आजीही कान धरून उभी राहते, कारण त्या दिवशी कुणालाही नाव घालता येतं. आणि विसावा नंबर खैरदऱ्यात कुणाला देत नाहीत. पट पंधरा असो नाहीतर चाळीस, हजेरी घेताना बाई त्या नंबरला थांबतात आणि म्हणतात, "सारजाई."

सगळी पोरं एका आवाजात ओरडतात, "हजर!"