तत्त्वांचा पत्ता

एका राजाच्या सभेत निम्मे सभासद घाटावरचे होते, निम्मे किनाऱ्यावरचे. राजाला सभेचा भारी जाच. त्यानं ठराव मांडला, "किनाऱ्यावरच्या निवडणुका कायमच्या बंद."

किनाऱ्यावरचे जन्मभर 'राजा बोले तोच कायदा' म्हणत आलेले. ते एकदम लोकांच्या हक्कासाठी रडू लागले. घाटावरचे लोकराज्याचे थोर पुजारी. ते आढ्याकडं बघत बसले. एक पुटपुटला, "तिकडची हवाच वेगळी, बाबा!"

तेव्हा किनाऱ्यावरच्या द्वारकाबाई उठल्या. "महाराज, ठराव झकास आहे. फक्त 'किनारा' हे नाव खोडा. आधी मतं घ्या, मग देवीच्या मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवून कौल लावू. उजवी पाकळी पडली तर किनारा बंद, डावी पडली तर घाट."

राजा खूश झाला. कुणीही गेलं तरी त्याचं फावणारच होतं. "मान्य! घाटकरांनो, हात वर करा."

एक हात वर जाईल तर शपथ. ठराव पडला.

राजा भडकला. "आत्तापर्यंत गप्प होतात, आता तत्त्वं आठवली होय रे?"

"रागवू नका, महाराज," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यांची तत्त्वं चांगलीच आहेत. फक्त पत्ता विचारल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत."

किनाऱ्यावरचे खदाखदा हसले. बाई मागं वळल्या. "हसताय काय? तुमची त्यांच्याच शेजारी राहतात."