पाटलाच्या चिंधीची कोंबडी

“चिंधी माझी, चिंधीवरची गाठ माझी, आणि ही कोंबडी काल हिच्या दारात सोललेली मी ह्या डोळ्यांनी बघितलीय!” सटवाजी पाटील ओरडत होता. बगलेत कोंबडी होती, जिवंत, आणि तीही ओरडत होती.

“मेलेली कोंबडी बगलेत घेऊन हिंडतोस कशाला, पाटला?” आवडाक्का उंबऱ्यात बसून लसूण सोलत म्हणाली. “पुरून टाक की.”

“दात काढू नका कुणी!” मागं कुणी तरी हसलं, त्यावर पाटील खेकसला. “हिनं खाल्लेली कोंबडी परत उठती. आज कोंबडी उठली, उद्या काय उठंल? हिचं छप्पर उतरवा आणि हिला शिवेबाहेर घाला!”

पाटलाच्या मागं गावातले चाळीस बाप्ये उभे होते, चार जणांच्या हातात पहारी होत्या. बाप्यांच्या मागं डोईवर पदर घेऊन बायका उभ्या होत्या, आणि एकही बाई दुसरीच्या तोंडाकडं बघत नव्हती.

भांडण इथवर आलं होतं. आता ते आलं कुठून ते ऐका, कारण गावातले बाप्ये ही गोष्ट सांगतात तेव्हा निम्मी गाळून सांगतात.

वाघजाळीच्या देवळाला कळस नव्हता आणि ओढ्याला पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याच्या काठी, गावाला पाठ करून एक घर होतं. त्यात आवडाक्का एकटी राहायची. नवरा लवकर गेला, लेकरू झालं नाही. तिच्याजवळ एक मातीची तवली होती, एक पाटा होता, आणि परड्यात कोंबड्याच कोंबड्या. कोंबडी कापायला ती कुणा बाप्याला बोलवायची नाही, स्वतः कापायची. गावाला पहिला संशय आला तो इथंच. बाई असून हिचा हात कापत कसा नाही? जणू भाकरी थापून, जळण फोडून, बाळंतपणं करून बायकांचे हात लोण्याचे राहतात!

तिची कोंबडी गाजलेली होती. त्यात काही राजेशाही नव्हतं. कांदा, आलं, लसूण तेलावर परतायचं, हळद-मीठ लावलेले तुकडे टाकायचे, वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. खाली कोंबडी आपल्याच अंगच्या पाण्यात शिजायची, वर ताटातलं पाणी तापायचं, मग तेच पाणी आत. हे झालं अळणी. त्यातलं वाटीभर आधी प्यायला द्यायची. मागनं भाजल्या खोबऱ्याचं नि तिळाचं वाटण घालून रस्सा. बस्स. पण त्या रश्शाचा वास तीन टेकड्या ओलांडून जायचा, आणि पलीकडच्या खिंडीत बैल चालायचे थांबायचे, असं म्हणतात. एका कोंबडीत नऊ बायका जेवायच्या आणि तवलीचा तळ कधी दिसला नाही, असंही म्हणतात. पाणी वाढवलं असेल म्हणाल, तर घरी वाढवून बघा आणि चव वाढते का ते मला सांगा.

आता त्या काळी वाघजाळीत कोंबडी कशी वाटली जायची ते ऐका. एक तंगडी घरधन्याला. दुसरी जावयाला, जावई नसला तर थोरल्या लेकाला. छातीचे तुकडे बाकीच्या पोरांना. काळीज म्हाताऱ्याला, दात नसतात म्हणून. म्हातारीला दात असतात असं सगळ्यांनी धरून चाललेलं. बायका शेवटी बसायच्या. त्यांना मान, पंखाची टोकं, आणि भाकरीनं पुसून घ्यायचा तवलीचा तळ. बाळंतीण असली तरी तेच. कुणी मुद्दाम करायचं नाही हो. कुणाच्या ध्यानातच यायचं नाही.

म्हणून बायकांनी वाट काढली. घरात कुणी अशक्त झाली, कुणाचं दूध आटलं, कुणाला चक्कर यायला लागली, की भर दुपारी बाप्ये रानात असताना घरातली थोरली बाई आपल्याच खुराड्यातली कोंबडी पदराखाली घ्यायची आणि ओढ्याची वाट धरायची. आवडाक्का कोंबडी घ्यायची, पण आधी तिच्या मागच्या वाटेकडं बघायची, मग खराट्यानं तिच्या पावलांच्या खुणा पुसायची. संशयात ती गावाला हार जाणारी नव्हती. गाव तिच्यावर एका डोळ्यानं नजर ठेवायचं, ती गावावर दोन्ही डोळ्यांनी.

बाई आत येऊन बसली की आवडाक्का विचारायची, “तुला कुठला तुकडा आवडतो?”

असं म्हणतात की ह्या प्रश्नावर निम्म्या बायका रडायच्या. दुःखानं नव्हे. उत्तरच यायचं नाही. आपल्याला काय आवडतं हे कळायला आधी खाऊन बघावं लागतं.

पण खुराड्यातली कोंबडी गेली तर बाप्याला कळणार नाही का? इथं आवडाक्काचं डोकं बघा. वाघजाळीत कोंबड्या मोकळ्या हिंडायच्या, म्हणून प्रत्येक घर आपल्या कोंबडीच्या पायात आपल्या रंगाची चिंधी बांधायचं. पाटलाची तांबडी, सुताराची निळी, माळ्याची हळदीत बुडवलेली. बाप्ये कोंबडी ओळखायचे ती चिंधीवरून. तिचा तुरा कसा, ती खुडूक आहे की अंड्यावर, हे बायकांना ठाऊक. मग आवडाक्का कापलेल्या कोंबडीची चिंधी सोडायची, आपल्या परड्यातल्या तसल्याच रंगाच्या तलंगेच्या पायात बांधायची आणि ती तलंग त्या बाईच्या पदराखाली परत पाठवायची. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली पोर-कोंबडी. खुराड्यात चिंधी परत आली की बाप्याच्या लेखी कोंबडी परत आली.

अशी किती वर्षं गेली कुणी मोजली नाहीत.

मग सटवाजी पाटलाची बायको केसर बाळंत झाली. पहिलटकरीण, अंगात रक्त नाही. पाचव्या दिवशी दूध आटलं. पोर रडून रडून निळं पडायला लागलं. पाटलाच्या घरी त्या आठवड्यात दोनदा कोंबडी शिजली, पोर बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी, आणि दोन्ही वेळा केसरच्या ताटात मान आली. पाटलाची आई हंसाई. साठी उलटलेली, सासरच्या दबावात आधी, लेकाच्या दबावात नंतर. तिनं नातवाचे ओठ बघितले आणि तांबड्या चिंधीची कोंबडी पदराखाली घेतली.

आवडाक्कानं अळणी केलं. पहिली वाटी हंसाईनं घरी नेऊन केसरला पाजली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी दुसरी कोंबडी नेऊन तिसरी. तिसऱ्या वाटीला दूध असं उतरलं, की चोळी भिजून ओटीत ओघळलं, असं म्हणतात. पण आवडाक्कानं बजावलं, “अजून आठ दिस रोज वाटी जायला पायजे. मधी तुटली तर दूध पुन्हा आटंल, आणि ह्या खेपेला पोर टिकायचं नाही.”

त्याच दिवशी तिनं हंसाईलाही बसवलं आणि नेहमीचं विचारलं. हंसाई रडली नाही. चाळीस वर्षं कुणी विचारायची वाट बघत असल्यासारखी पटकन म्हणाली, “काळीज.” आणि आपणच दचकून दाराकडं बघितलं.

इकडं गावात कोंबड्यांवर मर आली. सकाळी चांगली, सांजेला मान टाकलेली. गावाला कारण पाहिजे होतं, आणि कारणाचं घर ओढ्याकाठी होतंच. बाप्ये तिच्या धुराड्यावर नजर ठेवायला लागले. घरी आल्यावर बायकांचे हात हुंगायला लागले. हुंगून करणार काय? गावात सगळ्याच बायकांच्या हाताला लसणाचा वास!

सटवाजीनं फास लावला. आपल्या प्रत्येक कोंबडीच्या तांबड्या चिंधीवर त्यानं पागोट्याच्या दोऱ्याची एक बारीक गाठ मारली, कुणाला न सांगता. मग रानात जातो म्हणून निघाला आणि ओढ्याच्या करवंदीत लपून बसला. बराच वेळ मुंग्या चावल्यावर त्याला दिसलं ते हे, की आवडाक्काच्या दारात कोंबडी सोलून पडलीय आणि शेजारी दगडावर तांबडी चिंधी, गाठ मारलेली. आत कोण बसलंय ते त्याला दिसलं नाही. आत त्याची आई बसली होती.

कुणाला दिसू नये म्हणून तो लांबच्या वळणानं घरी गेला. जाईपर्यंत दुपार कलली, आणि आईचे पाय जवळच्या वाटेचे जाणते होते, ती तलंग घेऊन आधीच पोचली होती. सटवाजीनं खुराडं उघडलं. कोंबड्या सगळ्याच्या सगळ्या. त्यातल्या एकीच्या पायात ती चिंधी, तीवर तीच गाठ, आणि चिंधीला ताजं रक्त.

पाटलानं खुराडं पुन्हा लावून घेतलं. चोरी असती तर त्यानं दंड ठोकला असता आणि विसरला असता. ही चोरी नव्हती. कोंबडी मेली, शिजली, आणि घरी परत आली! ती कोंबडी कालपर्यंत अंडी घालणारी, तुटक्या तुऱ्याची होती आणि आजची कोवळी तलंग होती, हे त्याला कळायला नको होतं का? पण त्याला अंडं ठाऊक होतं ते ताटातलं. कोंबडीचं तोंड त्यानं कधी बघितलं नव्हतं. गाठ बघितली, आणि गाठ खरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहारी घेऊन ओढ्यावर आला, ते तुम्ही ऐकलंच.

आता आवडाक्कापुढं काय वाढून ठेवलं होतं ते बघा. खरं सांगावं तर एका शब्दाचं काम होतं. ही ती कोंबडी नव्हेच, तुझ्या आईला विचार! पण मग हंसाई उघडी पडली असती, तिच्यामागून सुताराची म्हातारी, माळ्याची सून, एकेक करून सगळं बायकांचं गाव. त्या सांजेला किती पाठी फुटल्या असत्या, देव जाणे. आणि न सांगावं तर घर जाणार. घर गेलं तर चूल गेली, आणि चुलीवर पाटलाच्याच पोराची चौथी वाटी होती.

“बोल की!” पाटील म्हणाला. “वाचा गेली? परत उठवली का नाही ही कोंबडी?”

“तुला काय दिसतं?”

“मला चिंधी दिसती!”

“तेवढीच दिसती तुला,” आवडाक्का म्हणाली आणि लसणाची पाकळी पाट्यावर टाकली.

“हाणा रं पहार!”

मागं बायकांत हालचाल झाली. हंसाईनं पदर मागं सारला आणि एक पाऊल पुढं टाकलं, तोंड उघडलं. आवडाक्कानं तिच्याकडं असं बघितलं, की हंसाईचे ओठ आपसूक मिटले. ती नजर ज्या बायकांनी बघितली त्यांनी आपल्या नातींना सांगितली, आणि त्या नातींनी त्यांच्या नातींना.

पहार जमिनीत शिरलीच नाही, असं म्हणतात. धरणीनंच दाद दिली नाही, असं बाप्ये सांगतात. धरणीला कशाला मधे आणायचं? पहार शिरायला आधी उचलावी लागते, आणि आवडाक्का उठून उभी राहून जे बोलली त्यावर ती उचलायला कुणाचा हात उठला नाही. सटवाजीनं आईकडं बघितलं. मग कोंबडीकडं बघितलं, पहिल्यांदा, पायाकडं नव्हे, तोंडाकडं. तिला खाली सोडली. चाळीस बाप्ये आपापल्या आईकडं बघत उभे होते. मग एकेक जण पहारी तिथंच टाकून निघून गेला. त्या पहारींचे पुढं आवडाक्कानं चुलीवर टाकायला आडवे गज केले, आणि ते अजून आहेत. पाटलाच्या पोराला आठ दिवस वाटी गेली, आता पदराखाली लपवून नव्हे. आठव्या दिवशी ती वाटी घेऊन सटवाजी स्वतः घरी गेला, आणि सांडत गेला, कारण हाताला सवय नव्हती.

आवडाक्का पुढं खूप जगली. ती गेली त्या दिवशी गावातल्या सगळ्या कोंबड्या ओढ्याकाठी जाऊन बसल्या आणि तीन दिवस दाण्याला शिवल्या नाहीत, असं म्हणतात.

वाघजाळीत आजही कोंबडी शिजली, की पहिलं काळीज घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या पानात पडतं. तिला नको असेल तर तिनं तोंडानं नको म्हणायचं, दुसऱ्यानं तिच्या वतीनं नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला तांबडी चिंधी बांधतात, आणि चिंधी आहे तोवर त्या घरात अळण्याची पहिली वाटी तिची. आणि परगावचा मुलगा वाघजाळीची पोरगी बघायला आला, तर त्याला शेती विचारत नाहीत, शिक्षण मागाहून विचारतात. आधी घरातली म्हातारी त्याला एक प्रश्न विचारते, आवडाक्कानं त्या सकाळी पाटलाला विचारला तोच. ज्याला उत्तर येत नाही त्याला चटणी-भाकरी घालून, पाणी पाजून, नीट वाटेला लावतात. चांगले चांगले परत गेलेत. एक तर तालुक्याचा होता, मोटारीतून आलेला.

त्या सकाळी आवडाक्का उंबऱ्यातून उठली, लसणाची टरफलं ओटीतून झटकली, हंसाईकडं एकदाही न बघता पाटलाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

“तुझ्या आईला कोंबडीचा कुठला तुकडा आवडतो, तेवढं सांग पाटला, आणि मग खुशाल माझं घर पाड.”